गच्चीवर कोण बसणार?

जुन्नर,
१४ डिसेंबर २०२४

चि. संघर्ष,
तुला आणि प्रज्ञाला मायेचा जयभीम. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतोस, मी "बरी आहे" म्हणते आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून लिहायला बसले.

आपल्या बिल्डिंगची लिफ्ट महिनाभर बंद होती. तळमजल्यावरच्या इब्राहिमभाई टेलरनी मेंटेनन्समधला लिफ्टचा हिस्सा द्यायचं नाकारलं. "आमी वापरतच न्हाई, तर कशाचे द्यायचे?" ते बघून पहिल्या मजल्यावाल्यांनीही हात आखडला. चेअरमन दादाभाऊ असे भडकले, की त्यांनी लिफ्टच बंद करून टाकली.

मला मात्र राहून राहून कोडं पडायचं. दर ईदला घरोघर शिरखुर्मा पाठवणारा माणूस एवढ्यावरून का अडून बसावा?

मागच्या आठवड्यात बाजारातून आले आणि जिन्यात चक्कर येऊन पडले. लागलं काही नाही. तुला सांगितलं नाही, रागावू नकोस. इब्राहिमभाईंच्या बायकोने, हसीनाने, मला उठवून आत नेलं, सरबत दिलं. जरा बरं वाटल्यावर मी विचारलंच, "भाऊ, खरं सांगा. पैशाचंच आहे का?"

त्यांनी मशीन थांबवलं. "ताई, सात वर्सं झाली इथं. मीटिंग गच्चीत, कोजागिरी गच्चीत. आमाला निरोप येतो तो फकस्त वर्गणीचा. वर काय हाय, आमाला काय म्हाईत?"

"मग चला, आत्ताच बघू. चावी आहे माझ्याकडे."

तिघंही हळूहळू जिना चढलो. माझी पिशवी हसीनाकडे. गच्चीत ती सरळ कठड्याशी गेली. "अगं बाई! माझ्या माहेरची गल्ली इथनं दिसती व्हय?" मग टाक्या, कपड्यांच्या तारा, सगळं हात लावून बघत फिरली. "ताई, हे आमचं पन हाय का?"

"जेवढं माझं, तेवढंच तुझं."

रविवारी मीटिंग झाली. इब्राहिमभाई म्हणाले, "लिफ्टचा निम्मा हिस्सा देतो. पन गच्चीची एक चावी आमाला पायजे."

दादाभाऊ म्हणाले, "चावी कशाला? तिथं करणार काय तुमी?"

"बसणार," हसीना म्हणाली.

सगळे हसले. दादाभाऊंनाही हसू आलं. चावी दिली, पहिल्या मजल्यानेही निमूट पैसे भरले आणि लिफ्ट सुरू झाली.

अजून एक. तू पाठवलेलं गिऱ्हाईक बुधवारी फ्लॅट बघायला आलं होतं. माणूस भला वाटला. चहा दिला आणि विकायचा नाही म्हणून सांगितलं.

तू नेहमी विचारतोस, एकटी कधी पडलीस तर कोण बघणार? पडले होते, बाळा. बघितलं.

सुट्टीत दोघं या. राहायला या, व्यवहाराला नको.

तुझी, इथंच राहणारी,
आई