सोळा चुळा

अण्णा, परवा माझ्या दातांना तार बसणार आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे थेर! लेक हसते, म्हणते, आई, आता तूही शाळेत जा. मला मात्र हसू येत नाही. मला भीती वाटते आहे, आणि ती कुणाला सांगावी म्हटलं तर तुम्हीच आठवलात.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्याच वयाची आहे. तिने पडद्यावर माझ्या गालाच्या आतलं चित्र दाखवलं. नाकाच्या बाजूला हाडात एक पोकळी असते, तिला सायनस म्हणतात, आणि वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला टेकलेली असतात. माझी एक दाढ लहानपणीच गेली. तेव्हापासून तो तळ रिकाम्या फटीत उतरत आला आहे आणि खाली पापडासारखं पातळ हाड उरलं आहे. मागची दाढ ओढून फट मिटवायची, तर ती त्याच तळातून न्यावी लागणार. "आंटी, धीरे-धीरे खींचेंगे तो हड्डी भी साथ चलती है," ती म्हणाली. आरपार छेद तर नाही ना पडणार, असं मी विचारलं. बहुतेक नाही, म्हणाली. ते बहुतेक मला पुरलं नाही, कारण तसला छेद मी घरात पाहिला आहे.

मी दहा वर्षांची आहे. रेल्वे वर्कशॉपमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तुम्ही वरची दाढ काढून आला आहात, सोबतीला मी होते. घरी येऊन मऊ भात जेवता आणि मोरीपाशी रोजच्यासारख्या खळखळून चुळा भरता. आपल्याकडे जेवणानंतर सोळा चुळा. झाशीत येऊन पिढ्या लोटल्या, मराठी अर्धी हिंदी झाली, पण सोळाच्या पंधरा कधी झाल्या नाहीत. मी तांब्या घेऊन उभी आहे. बाराव्या की तेराव्या चुळेला पाणी तुमच्या नाकातून बाहेर येतं.

मग चहासुद्धा नाकातून येऊ लागला. तुम्ही पंगतीत बसणं सोडलंत, लग्नाकार्यातही भिंतीकडे तोंड करून जेवायचात. पुढे ग्वाल्हेरला टाके घालून छेद बुजला, तुमचा राग काही बुजला नाही. त्या डॉक्टरचा हातच वाईट, असं बड्या बाजारात दुकानादुकानांतून सांगत फिरलात. माझी दाढ किडली तेव्हा लवंगेचं तेल लावत राहिलात, पण दातांच्या डॉक्टरची पायरी चढू दिली नाहीत. शेवटी ती तुकड्यातुकड्याने पडली. तीच ही फट.

अण्णा, त्या दिवशी तुमच्या तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून डॉक्टरांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "बिटिया, पापा को कल तक कुल्ला मत करने देना." उद्यापर्यंत चुळा भरू नका, असं सांगून तुम्हाला नियम मोडायला लावण्याची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "डॉक्टर काही बोलले होते का गं?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्हाला पोचेल असा पत्ता असता, तर हे मी लिहिलंच नसतं. मला अजून तुमची भीती वाटते.