एक सुताची चकती

३ नोव्हेंबर २०२५

स्वतःच्या हातानं बनवलेल्या वस्तू: पुली ओढून काढायचा तीन पायांचा पुलर. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांच्या चार छिन्न्या. पान्ह्यांची फळी. गॅरेजचं फाटक. बायकोच्या, इंदूच्या, शिलाई मशीनला मोटर. प्रत्येकीवर पंचनं मारलेली तीन टिंबं – माझी खूण. मला कोणी शिकवलं नाही.

हे लिहायचं कारण सचिनबाबू, तेलीबांध्याचा हॉटेलवाला. त्याचा बासष्ट सालचा, पुढं नाकासारखं बॉनेट असलेला ट्रक दुरुस्तीला माझ्याकडं आहे, सोळा तारखेला जुन्या गाड्यांची रॅली. आज विचारतो, "अंकल, कोई कोर्स किया है क्या?"

कोर्स!

४ नोव्हेंबर

इंजिनाच्या पुढच्या पुल्या उतरवल्या. खालच्या मोठ्या पुलीची कड तुटलेली. मागं कोणीतरी हातोड्यानं ठोकून काढली असणार. पुलीला हातोडा लावत नाहीत! पुलर बसवा, थोडं आवळा, थांबा, पुन्हा थोडं. माझ्यानं वीस मिनिटांत निघाली, शाफ्टला ओरखडा नाही.

डायनमोच्या पुलीमागून ग्रीसनं माखलेली चकती निघाली. कंपनीची नाही. कोण्या अडाणी मिस्त्रीचा जुगाड. भंगाराच्या डब्यात फेकली.

तुटकी पुली नमुन्याला म्हणून भैय्यालालकडं दिली. पुरानी बस्तीतला खरादवाला, म्हणजे लेथवाला. तीस वर्षांपासून माझं सगळं खरादकाम त्याच्याकडंच.

८ नोव्हेंबर

नवी पुली आली. बसवली. चकचकीत.

९ नोव्हेंबर

इंजिन चालू केलं, चौथ्या मिनिटाला पुल्यांवरचा पट्टा उडाला. पंख्याच्या पात्यानं चिंध्या केल्या. दुसरा घातला – तोही गेला. मग दोरा ताणून पाहिलं: खालची पुली डायनमोच्या पुलीहून एक सूत पुढं. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर! मी अर्ध्या मिलिमीटरसाठी दिवस घालवतो आणि हा म्हातारा डोळे मिटून लोखंड कापून राहिला.

१० नोव्हेंबर

त्याच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाईकं उभी होती. सगळ्यांसमोर बोललो – हात थरथरून राहिले तुझे, आता खराद बंद कर, देवळात बसत जा.

त्यानं मशीन थांबवली. आवाज चढवला नाही. "तोर नमूना के बरोबर काटे हंव भैया. नाप ले." तुझ्या नमुन्याबरहुकूमच कापली, मापून घे, म्हणे.

मी मापली नाही. काहून मापू? दोरा मी स्वतः लावला होता! त्यानं जुनी पुली पोत्यात गुंडाळून माझ्या स्कूटरवर ठेवली. नंतर माझ्याकडं पाहिलं नाही.

घरी येऊन सचिनबाबूला फोन केला. चूक खरादवाल्याची, असं सांगितलं.

११ नोव्हेंबर

सचिनबाबूनं त्याच्या सगळ्या गाड्यांचं काम भैय्यालालकडून काढून घेतलं. बरंच झालं.

जेवताना इंदूला सगळं सांगितलं. ती म्हणे, "पण तुम्ही मापली काहून नाही?" भाजीत मीठ जास्त होतं.

१२ नोव्हेंबर

मापली. जुनी आणि नवी. तीनदा. केसाचाही फरक नाही.

१३ नोव्हेंबर

म्हणजे खालची पुढं नाही, वरची डायनमोचीच एक सूत मागं बसून राहिली. भंगाराचा डबा फरशीवर उलटा केला. चकती हातात आली. डिझेलनं पुसली. जाडी – एक सूत. कडेला तीन टिंबं.

चकती ट्रकच्या डायनमोजवळ नेऊन पाहिली. मग आठवलं. अठ्ठ्याण्णव साली एका राइस मिलचा ट्रक आला होता, तेव्हा निळा. हाच! त्याला दुसऱ्या गाडीचा डायनमो बसवला, म्हणून ही चकती घातली. अडाणी मिस्त्री! आणि जो येतो त्याला मी शिकवतो, निघालेली वस्तू आधी पुसावी.

अजून एक आठवलं. चकती कापली होती भैय्यालालनं. टिंबं तेवढी मी मारली. पुलरच्या स्क्रूचे आटेही त्याच्याच खरादावर पडलेले. तीन तारखेची यादी वाचली. चीड आली. पान फाडणार होतो. राहू दिलं.

चकती घातली. तासभर इंजिन चालवलं. पट्टा जागचा हलला नाही.

१४ नोव्हेंबर

पुरानी बस्तीत गेलो. खरादावर पोतं टाकलेलं. त्याची बायको दारातच उभी राहिली. "चार दिन ले मशीन नइ चलाए हे." चार दिवसांपासून त्यानं मशीन चालवली नाही. आत यायला म्हणाली नाही. आत तो खोकला, मला ऐकू आलं. मी बाहेरूनच सांगितलं – चूक माझी होती. माझाच राग असा आला की स्कूटरला सात किका मारल्या, चावी लावायची राहिली होती.

१६ नोव्हेंबर

रॅलीत ट्रक बारा किलोमीटर चालला. सचिनबाबूला चार माणसांसमोर सांगितलं: पुली बरोबर होती, चकती मी फेकली. तो हसला. "छोड़ो अंकल, किसको पता है?" मग म्हणाला, जुन्या गाड्यांचं वर्कशॉप काढतो, हेड मिस्त्री तुम्ही. फक्त त्या बुढ्याचा खराद नको.

नाही म्हटलं. महिना पंचेचाळीस हजार देत होता.