सोलनोकींनी दिलेला अर्धा गुण

मी, चंद्रहास विश्वनाथ सोनटक्के, वय ५६ वर्षे ४ महिने, व्यवसाय लिफ्ट दुरुस्ती, राहणार जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझी बायपास आहे. सर्जन म्हणतात, "यू विल बी स्वीट अ‍ॅज," म्हणजे इकडच्या बोलीत एकदम ठणठणीत. असेन. तरी कागद आधी तयार हवा.

१. घर, ठेवी व गाडी पत्नी सौ. मृदुला हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. गॅरेजच्या दाराला सहा महिन्यांनी तेल लागते. शेवटची तारीख डब्यावर लिहिली आहे.

२. माझी सर्व हत्यारे मुलगी स्वानंदी हिला. मल्टिमीटर कुणालाही उसना देऊ नये.

३. हिरव्या पुठ्ठ्याची वहीही स्वानंदीलाच. तीत हंगेरीचे बुद्धिबळ ग्रँडमास्टर बेनेडेक सोलनोकी यांचे एकशे अठरा डाव मी देवनागरीत उतरवले आहेत. ती म्हणते, "डॅड, इट्स ऑल ऑनलाइन." ऑनलाइन चौदा चुका आहेत, वहीत त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत.

सोलनोकी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये कामाला होते. त्यांना शिक्षक नव्हता, क्लब नव्हता. वर्तमानपत्रातले डाव कापून ते ड्युटीवर मांडत बसत. ग्रँडमास्टर झाले तेव्हा वय छत्तीस. त्या वयात बाकीचे उतरणीला लागतात. राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा दुसरे आले, पहिले कधीच नाही. पण पटावर शेवटी राजे, प्यादी आणि हत्तीच उरले की त्यांच्यासमोर बसायला भलेभले कचरत. डाव क्र. ५८ पाहावा: सगळ्यांना वाटते राजा प्याद्याकडे धावणार, आणि हा माणूस तो उलट्या दिशेला नेतो. नऊ चालींनंतर समोरचा खेळाडू हार मानून हात पुढे करतो. मी तो डाव शंभरदा तरी मांडला असेल. अजून अंगावर काटा येतो.

४. आता पटावरचा माझा जुना सोबती पुरुषोत्तम दाभाडे, राहणार न्यूलँड्स. २००९ साली सोलनोकी वेलिंग्टनला आले आणि एकाच वेळी चोवीस जणांशी खेळले. तेवीस हरले. माझा डाव बरोबरीत सुटला, म्हणजे अर्धा गुण. सहा वर्षांनी गणपतीच्या जेवणात, भरल्या पंगतीत पुरुषोत्तम म्हणाला, "चंद्या, म्हाताऱ्याला निघायची घाई होती, म्हणून तुला ड्रॉ दिला. किती दिवस मिरवशील?" त्यानंतर आम्ही बोललो नाही. अकरा वर्षे.

हे मृत्युपत्र लिहिताना मी तो डाव पुन्हा तपासला. सत्तेचाळिसाव्या चालीला सोलनोकींनी राजा उलट्या दिशेला नेला असता तर मी हरलो असतो. डाव क्र. ५८ मधलीच चाल. ती त्यांना दिसली नाही, हे मी तरी मानणार नाही. माझ्या वहीनेच मला खोटे पाडले.

पण घाई? घाई नव्हती. मी चाली लिहीत होतो त्या कागदावर ते वाकले होते. "ही कुठली लिपी?" मी सांगितले. "खेळ कुणी शिकवला?" म्हटले, "कुणीच नाही." ते म्हणाले, "मलाही." आणि बरोबरीसाठी हात पुढे केला. वर अर्धा तास माझ्याशी चहा घेत बसले.

म्हणजे ड्रॉ मी मिळवला नव्हता, मला तो दिला गेला, हे पुरुषोत्तमचे बरोबर. कारण चूक. त्याला अर्धा गुण. सोलनोकींची सही असलेला तो मूळ कागद, सत्तेचाळिसाव्या चालीपुढे लाल खुणेसह, माझ्या पश्चात त्याला द्यावा.

५. सहीपूर्वीची दुरुस्ती. मृदुलाने वरील कलम वाचले. म्हणाली, "अहो, हे त्याला तुम्ही गेल्यावर कळवायचं? मग खेळणार कोण त्याच्याशी?" तिचा मुद्दा बिनतोड होता. मी आज सकाळी तो डावाचा कागद घेऊन न्यूलँड्सला गेलो. पुरुषोत्तमने दारातच तो दोनदा वाचला. "अकरा वर्षं लागली एक चाल शोधायला?" आणि मग माझ्या चपलांकडे पाहून, "जँडल्स काढ, आत ये. पट मांडतो." बावीस चाली झाल्या; माझा एक उंट जास्त आहे. डाव तसाच मांडून ठेवला आहे. चाल त्याची.

म्हणून कलम ४ मधील "माझ्या पश्चात" हे शब्द खोडले आहेत व शेजारी सही केली आहे. बाकी मजकूर कायम. गुरुवारनंतर मी आलो नाही तर तो पट कुणीही आवरू नये. माझ्या बाजूने स्वानंदीने खेळावे. उंट सांभाळावा.

साक्षीदारांना यात काहीही ठेवलेले नाही. कायदाच तसा आहे, राग नसावा.

दोघांच्या समक्ष सही: चंद्रहास वि. सोनटक्के
साक्षीदार: १. मधुवंती केळुसकर २. शार्दूल मोहिते
जॉन्सनव्हिल, रविवार, १४ जून २०२६, दुपारी ४ वाजून १० मिनिटे