जुन्या नोंदींचा रिकामा रकाना

गुरुवार, संध्याकाळ. बनशंकरी, बंगळूर.

सकाळी आईला दवाखान्यात नेलं. फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना मी रिकामा सोडला, कारण मला माहीतच नव्हतं. नर्सने तो पाहिला, "ॲलर्जी इल्ला, सरी," म्हणजे ॲलर्जी नाही, ठीक, असं म्हणाली आणि इंजेक्शन भरायला घेतलं. मी थांबवलं. "नाही असं नाही, अक्का. माहीत नाही."

ते दिवसभर डोक्यात राहिलं. आम्ही हॉस्पिटलांसाठी करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये ॲलर्जीचा नवा रकाना येतोय. कोणी काही भरलं नाही तर आपोआप 'माहीत नाही' यावं, हे आमचं सॉफ्टवेअर ज्यांवर चालतं त्या तिन्ही डेटाबेसवर तपासून मी मंगळवारी ओके दिलं. पण तपासले ते नवे पेशंट. आज दुपारी जुने उघडले. दोन डेटाबेसनी त्यांच्याही नोंदीत 'माहीत नाही' भरलं होतं. तिसऱ्याने जुन्या नोंदींत तो रकाना कोराच ठेवला होता.

रिलीज उद्या. आमची लीड शुभांगी, तिला लगेच सांगितलं.

"ताई, जुन्या नोंदी तुम्ही तपासल्या होत्या ना?" तिने विचारलं.

"तसं मी कुठे लिहिलंय?"

"नाही तपासल्या असंही नव्हतं लिहिलं. रिपोर्टमध्ये 'जुन्या नोंदी तपासल्या का' हा रकाना रिकामा होता. मला वाटलं, झालंय."

रिलीज सोमवारवर गेलं. "माझा शनिवार आता यातच जाणार, तुमच्या नावावर," एवढंच शुभांगी म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं का?

रिपोर्टमधला तो रकाना मी विसरून सोडला, की कोणी विचारू नये म्हणून? खरंच आठवत नाही.

ऑफिसमधून निघण्यापूर्वी रिपोर्ट उघडून त्या रकान्यात लिहिलं: मंगळवारी तपासल्या नव्हत्या.