हॉटेलचा चहा

बाबा, तुमच्यावर चिडून लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता राग धरून काय उपयोग असं सगळे म्हणतात, पण माझा काही उतरत नाही.

रेणापूरच्या घरी सकाळी आईच्या हातचा चहा आला की तुम्ही आधी कप नाकाशी धरायचात. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा, खलबत्त्यात ठेचलेलं आलं, दूध अगदी शेवटी. "असा चहा साऱ्या तालुक्यात न्हाई," असं रोज म्हणायचात आणि वर आणखी अर्धा कप मागायचात. म्हणजे तुम्हाला तिच्या चहाची किंमत ठाऊक होती, आणि याचाच मला जास्त संताप येतो. कारण तुमच्या तहसील कचेरीतलं कुणी घरी आलं की तुम्ही आईला आधणच ठेवू द्यायचा नाहीत. मला स्टँडसमोरच्या हॉटेलात पिटाळायचात. चहा हॉटेलचा आणि ग्लासही हॉटेलचेच, तारेच्या जाळीत बसवून आणलेले. आपण बौद्ध, आपल्या घरातला कप समोरचा तोंडाला लावेल की नाही, हे बघायची वेळच येऊ द्यायची नाही, असं तुमचं चाललेलं. वर त्याला पाहुण्यांची सोय म्हणायचात!

मी दहावीत असताना तुमचे हेडक्लार्क आपण बांधलेली नवी खोली बघायला आले, तो दिवस आठवतो? हॉटेलचा चहा आलेला होता. तरी आईने चहा केला, सणावारी काढायचे निळ्या काठाचे कप काढले आणि माझ्या हातात ट्रे दिला. मी बाहेर येतेय, आणि हेडक्लार्क म्हणतात, "वा! आल्याचा वास काय येऊन राहिलाय!" त्यांनी हात पुढे केला, बाबा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि तुम्ही मध्ये पडलात. "ते घरच्यांसाठी हाय, साहेब. तुमचा हा घ्या." मग माझ्यावर खेकसलात, "कुणी सांगितलं गं तुला? आत ने." त्यांनी ग्लास उचलला. आत आईने ते सगळे कप एकामागून एक स्वतः पिऊन टाकले, माझ्याकडे न बघता. ते साहेब खरंच प्याले असते की नुसता कप हातात धरून बसले असते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ते नाही म्हणाले असते तर मी त्यांच्यावर चिडले असते. तुम्ही मला ती संधीही ठेवली नाहीत. त्यांच्या वाट्याचा नकार तुम्हीच देऊन टाकलात.

आईने पुढे सांगितलं, नोकरीच्या सुरुवातीला कुणीतरी तिचा चहा तसाच ठेवून उठला होता आणि त्यावर साय धरेपर्यंत तुम्ही त्या कपाकडे बघत बसला होतात. ऐकून मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या एका माणसाची शिक्षा तुम्ही आईला का दिलीत? तिच्या हातचं पिणारं माणूस गावात कुणीच नव्हतं का? तुम्ही कधी कुणापुढे ठेवून बघितलंत?

आई आता माझ्याकडे नांदेडला असते. हात थरथरतो, तरी आलं स्वतःच ठेचते. रविवारी समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं पहिल्यांदाच घरी आलं. आईने लगबगीने आधण ठेवलं, आणि मी फ्रिजमधून कोल्ड्रिंकच्या सीलबंद बाटल्या काढल्या.

"बाटल्या कशाला गं? चहा होऊन राहिलाय की," आई म्हणाली.

"त्यांना थंडच आवडतं, आई."

तिने गॅस बंद केला आणि आत जाऊन बसली.

हा कागद मी तिला दाखवणार नाही. त्यांना काय आवडतं, ते मी विचारलंच नव्हतं.