सायलोच्या लिफ्टचं दार

४ मार्च
कालची सुट्टी झोपण्यात गेली. आजपासून मी नवा वेल्को. हारालाम्पीसाहेब उन्हाळ्यात निवृत्त होतायत. त्यांच्यानंतर मेंटेनन्सचा मुख्य कोण, असा प्रश्न या सिमेंट कारखान्यात कुणाला पडू नये. फक्त सायलोच्या, म्हणजे सिमेंटच्या उंच कोठाराच्या, लिफ्टनं नीट वागायला हवं. दार अडखळतं. धुळीमुळे. उपाय: दाराखालच्या खाचेत ग्रीस. भरपूर.
संकल्प: ईस्टरपर्यंत राकियाची दारू बंद.

५ मार्च
दार लोण्यासारखं सरकलं! रुस्का, म्हणजे आमची बायको, इथेच लॅबमध्ये आहे. सिमेंटचे नमुने आणायला रोज सायलोवर जाते. खाचेत बोट घालून म्हणाली, अरे वेल्को, यावर धूळ बसली की लगदा होईल. दारावरच लिहिलंय ना, ग्रीस लावू नये? खाच झाड आणि वंगणाची कोरडी पूड मार. मी म्हटलं, लिहिणाऱ्याचं काय जातंय, तो बसलाय तिकडे राजधानीत, सोफियात. रात्री जेवण अर्धं टाकून झोपायला गेली. दमली असेल.
राकिया एकच. सर्दीवर.

१४ मार्च
दार पुन्हा जड. ग्रीस कमी पडलं, उघड आहे. दुप्पट भरलं. दारावरची ती सूचनाही माझ्या हातांनी माखली गेली. मुद्दाम नाही. माझ्या हाताखालचा झिव्को म्हणाला, वेल्कोदादा, लिफ्ट चालवायचीय का पावाला लावून खायचीय? सगळे फिदीफिदी हसले. साहेब झालो की याला भट्टीवर पाठवायचं.

२२ मार्च
रुस्का हल्ली जिन्यानं वर जाते. गुडघे दुखतात तरी. व्यायाम मनावर घेतलेला दिसतोय. मी कौतुक केलं. तिनं विचारलं, तुला खरंच तसं वाटतं? मी हो म्हटलं.
बाकीचेही जिन्यानंच जातात. चांगल्या सवयी पसरतात.

२ एप्रिल
उद्या सोफियाहून मालक येणार. कल्पना सुचली: रुस्कानं सगळ्यांदेखत लिफ्टनं वर जायचं. खुद्द बायकोचा भरवसा दिसला की विषय संपला. आधी नाही म्हणाली. पुन्हा विनवलं. मग म्हणाली, तुझ्यासाठी जाते हं. लिफ्टसाठी नाही.
समजावलं की माणसाला समजतं.

३ एप्रिल
थोडी अडचण आली.
लिफ्ट वर पोचली. दार वीतभर उघडलं आणि थिजलं. नेमकी त्याच वेळी वर कुठली तरी झडप उघडी राहिलेली. फटीतून धूळ आत जायला लागली. मी जिन्यानं धावलो, ग्रीसचा डबा घेऊन. आतून रुस्का खोकत खोकत ओरडत होती, ग्रीस नको! वेल्को, ग्रीस नको! अशा वेळी माणूस काहीही बोलतो. मी लावत राहिलो. झिव्कोनं मला कोपरानं ढकललं. मालकांसमोर! आणि छिन्नी-हातोडा घेऊन बसला. खाचेतून दगडासारखे तुकडे निघाले. रुस्का बाहेर आली ती पुतळ्यासारखी करडी. पाणी प्यायली झिव्कोच्या दंडाला धरून. मी हात पुढे केला, तर म्हणाली, हात पुसून ये.
माझ्या मते ग्रीसच हलक्या प्रतीचं होतं.

१० एप्रिल
हॉस्पिटलमधून रुस्का घरी आली आणि सामान भरून बहिणीकडे गेली. हवापालट. फुप्फुसांना बरं. हिवाळ्याचा कोटही नेला. एप्रिलचं काही खरं नाही म्हणा. थंडी पडेलही.
फोन उचलत नाही. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली असावी.
संकल्पाचं नंतर बघू.

१२ मे
झिव्कोला मुख्य केलं. वय लहान, जबाबदारी मोठी. बिचारा! मला सायलोखालच्या हॉलची स्वच्छता दिलीय. स्वतंत्र खातंच म्हणायचं. झाडू नवा आहे.
लिफ्टचं दार आता एका बोटानं सरकतं. उन्हाळा आला की असं होतं, हवा कोरडी असते.
आज रुस्का कामावर परतली. नमुन्यांचे डबे घेऊन थेट लिफ्टकडे. मी दारासमोरच झाडत होतो. घरी वांगी-मिरच्या भाजून ठेवल्यात, असं सांगणार होतो. त्याआधीच ती म्हणाली, जरा बाजूला होता का तुम्ही? मला वर जायचंय.
तुम्ही. लग्नापासून तिनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मान मिळतो माणसाला, उशिरा का होईना.
बाजूला झालो.