चारशे मूर्ती आणि एक माणूस

रोहा, १ ऑगस्ट २०२५

ती. शिवादादास नमस्कार.

आम्ही ठीक. वहिनीने पाठवलेले सुके बोंबील पोचले. आईचा गुडघा कसा आहे? तू फोन मध्येच ठेवतोस, म्हणून हे पत्र.

तुझा हात थरथरतो हे ऐकून वाईट वाटलं. तुझ्या कारखान्यात चारशे गणपती रंगून उभे आहेत आणि डोळ्यांची आखणी करायला माझ्यासारखा हात अख्ख्या हमरापुरात नाही, हेही खरं. पण निरोप काय पाठवलास? "एकटाच ये. त्याला आणू नको. गिऱ्हाईक काय म्हणंल?"

त्याला म्हणजे जनूला. सात वर्षं आम्ही दोघे संसार करतोय, दादा. गेल्या वर्षी त्याने कंपनीतून रजा काढून दहा दिवस तुझ्या मूर्ती घासल्या. नाकातोंडात माती गेली. पंगत बसली तेव्हा तू त्याला म्हणालास, "तू मागनं बस, आधी घरची माणसं." मी मान खाली घालून जेवलो, त्याची आजही लाज वाटते. गरज सरो, वैद्य मरो!

२०१८ साली, चतुर्थीला आठवडा असताना, आम्ही गुन्हेगार नाही असं कोर्टाने सांगितलं. इंग्रजांच्या वेळचं ३७७ कलम होतं ते. तू कारखान्यातला टीव्ही बंद केलास. "कोर्टानं सोडलं, गावानं नाय." २०२३ला आमच्यासारख्यांच्या लग्नाला कोर्टाने नकार दिला, ती बातमी मात्र मला लगेच मोबाइलवर पाठवलीस.

एक कबूल करतो. २०१८च्या निकालाआधी एकदा रंग आणायला म्हणून मुंबईला गेलो आणि आमच्या हक्कांच्या मोर्चात चाललो. तोंडाला रुमाल बांधून. शेजारी साठीच्या एक बाई मुलाचा हात धरून उघड्या तोंडाने चालत होत्या. नोकऱ्या गेलेली, घरातून हाकललेली माणसं वर्षानुवर्षं अशी चालली, म्हणून आज रोह्यात घरमालकाला जनू माझा कोण ते सांगता येतं. फक्त तुझ्या दारात मी अजून रुमाल बांधून उभा. आता पुरे.

दहा तारखेला सकाळच्या गाडीने दोघे येतोय. जनू माझ्या शेजारी जेवेल, गिऱ्हाइकासमोर. जमणार नसेल तर आधी कळव. मग मूर्ती डोळ्यांवाचून राहिल्या तरी मी ब्रश धरणार नाही.

आणि हो, परवा आईला फोनवर जनूचं आणि माझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शिवाला ठावं हाय?" मी व्हय म्हटलं. तर म्हणाली, "मग सात वर्सं मलाच का नाय सांगितलंत?"

तिला काय उत्तर द्यायचं ते तू ठरव.

तुझे,
प्रवीण आणि जनू